जलझेपचं आडनाव

साहेबांनी पत्ता टाइप करून एंटर मारलं आणि पडद्यावर पान सापडत नसल्याचा निरोप आला. "बाई, तुमचा नेमस्पेस उघडतच नाही," ते म्हणाले, आणि मीटिंगमधली सगळी मुंडकी व्हॉल्व्हबाईंकडे वळली.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्यांना व्हॉल्व्हबाई म्हणत. चार शहरांतल्या पाइपांची आणि व्हॉल्व्हांची माहिती कॉम्प्युटरला समजेल अशी लिहून काढायची, हे त्यांचं काम. एका शहराचा 'मुख्य व्हॉल्व्ह' म्हणजे दुसऱ्याच्या लेखी गल्लीतली चावी. म्हणून प्रत्येक शब्दाला एक आडनाव द्यावं लागायचं, तोच हा नेमस्पेस. दिसायला ते वेबसाइटच्या पत्त्यासारखं, पण उघडायलाच हवं असं काही नव्हतं. वेगळं असावं आणि कधी बदलू नये, एवढंच. बाईंनी हे पुन्हा एकदा सांगितलं. साहेबांनी मान डोलावली, म्हणजे काही कळलं नव्हतं.

त्यांना त्या पत्त्यात 'जलझेप' हवं होतं. जलझेप ही त्यांची योजना. नाव त्यांनी शोधलेलं, बोधचिन्ह त्यांच्या मेव्हण्याने काढलेलं. उपसाहेब म्हणाले, वर्षही घाला, भारदस्त दिसेल. मग शेवटी तिरकी रेघ की हॅश यावर चहा निवेपर्यंत खल झाला, कारण त्यात कुणी काहीही बरळलं तरी दुसऱ्याला ते समजणार नव्हतं. बाईंना या मंडळींची पूर्वी कीव यायची. आता तीही येईनाशी झाली होती.

"योजना बंद पडतात, साहेब बदलतात," त्या म्हणाल्या. "यातलं काहीच त्यात नको. एखादा साधा शब्द घ्या."

"मग आमचं काम दिसणार कुठे?" साहेबांनी विचारलं.

जलझेप ठरलं. घरी बाईंनी साहेबांची यथेच्छ सालटी काढली. एका नावाने काय आभाळ कोसळतंय, असं नवरा म्हणाला, तर त्याचीही निघाली.

पुढे साहेबांची बदली झाली, योजना गुंडाळली गेली. चारही शहरांच्या लाखो नोंदींत जलझेप मात्र ठाण मांडून बसलं. पाइप फुटला की तिथली माणसं फोनवर नोंद काढायची आणि नेमका व्हॉल्व्ह बंद करायची.

नवे साहेब आले ते 'नीरझंकार' घेऊन. जुनं नाव शोधा, नवं टाका, एका दुपारचं काम, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी सांगितलं की इथे बदललं तर बाकीच्या शहरांना आपल्या नोंदी ओळखता येणार नाहीत, आणि ऐन वेळी कुणीतरी हॉस्पिटलचं पाणी तोडून बसेल. दिलेलं नाव बदलायचं नसतं.

नवे साहेब हसले. "जुनं नाव तुम्हीच ठेवलेलं दिसतंय. म्हणून एवढा जीव अडकलाय."

उपसाहेबांना सगळं ठाऊक होतं. ते कपात बघत राहिले. खरं काय ते बाईंच्या अगदी ओठांवर आलं. पण ते सांगितलं, तर नवे साहेब 'मग तुम्हालाही ते आवडत नव्हतंच' म्हणतील आणि दुपारपर्यंत बदलून मोकळे होतील. या माणसांसमोर आपलं हसं व्हावं, याची त्यांना मनस्वी चीड आली.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच ठेवलं. राहू द्या."

"बरं बाई, तुमच्या हौसेखातर," साहेब म्हणाले, आणि टेबलाभोवती हसू पसरलं.

बाई जागेवर आल्या. एका नव्या व्हॉल्व्हची नोंद अर्धी राहिली होती. त्यांनी तिच्यापुढे जलझेप लिहिलं आणि पुढच्या ओळीला लागल्या.