लोखंडाने माझा आवाज गिळला

मित्रांनो, मी एक जुना टॅग. टॅग म्हणजे कोण, तर यंत्राच्या अंगावर चिकटवलेली बोटभर पट्टी. पोटात केसाहून बारीक तार आणि मोहरीएवढा मेंदू. बॅटरी नाही, काही नाही. कारखान्यातल्या अवजारांच्या स्टोअरच्या गेटने हाक मारली की तिच्याच जोरावर मी ओ देतो: मी चाललो, मी आलो.

माझा जन्म एका रिळावर झाला. आम्ही भावंडं इतकी, की रीळ उलगडलं असतं तर चंद्राला दोन वेढे बसून थोडं उरलंही असतं. खोटं वाटत असेल तर मोजून या.

मला मिळालं एक ड्रिल मशीन, आणि बसायला त्याची प्लास्टिकची मूठ. सकाळी कामावर जायचं, संध्याकाळी परत. गेट टुणकन वाजायचं. स्टोअर सांभाळणाऱ्या ताई म्हणायच्या, "माणूस विसरेल, हा नाही विसरणार." मी असा फुगायचो, की मशीनचं वजन हलकं व्हायचं.

एके सकाळी फिटर काका मला घेऊन गेटबाहेर पडले आणि तिथूनच त्यांनी ताईंच्या खिडकीवर टकटक केलं.

"ताई, याचा कोपरा सुटलाय. कुठे पडला तर माझ्या नावाने शंख कराल."

"आणा इकडे. तुमच्याच घामाने सुटतो तो."

ताईंनी मला मुठीवरून सोललं आणि मशीनच्या चकचकीत लोखंडी पाठीवर अंगठ्याने दाबलं. दिसत होतो झकास. पण लोखंडावर बसवायचं तर आमच्याखाली फोमची गादी लागते, नाहीतर लोखंड आमचा आवाज गिळतं. गाद्यांचा डबा शेजारीच होता. ताई घाईत होत्या.

संध्याकाळी गेटने हाक मारली. मी ओ दिली, पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार. गेट गप्प. काकांनी मशीन वरच्या फळीवर, त्याच्यासारख्याच मशीनच्या रांगेत ठेवलं आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर आलं: मशीन परत आलेलं नाही. ताईंनी तपासणीचं यंत्र सगळ्या फळ्यांखालून फिरवलं. मी ओरडून ओरडून निम्मा झिजलो, यंत्र ढिम्म. मान वर करून रांग कुणी मोजली नाही. मोजायला यंत्र होतं ना.

"वरच ठेवलंय ताई, माझ्या हाताने."

"काका, या यंत्राला खोटं बोलता येत नाही."

"म्हणजे मला येतं?"

कारखान्याच्या मालकीणबाईंनी स्क्रीन पाहिली आणि काकांना तिथल्या तिथे घरी जायला सांगितलं. जाण्याआधी सगळ्यांसमोर त्यांची पिशवी उघडली. आत डबा, चष्मा आणि नातीसाठी घेतलेलं खोडरबर. मित्रांनो, मला हात असते तर मी तोंड झाकून घेतलं असतं.

काका पायरी उतरतात न उतरतात तोच वेल्डर ड्रिल मागायला आला. ताई स्टुलावर चढल्या आणि हाताला लागलं ते मशीन उचललं. नेमकं माझं. गेटमधून बाहेर नेलं, गेट गप्प. आत आणलं, तरी गप्प. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. अंगावर त्यांच्याच अंगठ्याचा ठसा होता.

ताईंनी हळूच माझ्याखाली नख घातलं. मला मुठीवर लावलं असतं तर गेट वाजलं असतं, "सापडलं हो" म्हणता आलं असतं, आणि चूक कुणाला कळली नसती. माझा कोपरा सुटलासुद्धा. मग नख थांबलं.

ताई मशीन कवटाळून रस्त्यावर धावल्या. काका बसथांब्यावर उभे होते.

"काका, चूक माझी. मीच हा लोखंडावर चिकटवला."

काकांनी पिशवी पुढे घेतली. "पिशवी कुठे उघडली होती माझी?"

"सगळ्यांसमोर."

"मग तिथेच बोला."

ताई बोलल्या. मान खाली घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

काका पुन्हा कामावर आले. मी पुन्हा मुठीवर आलो. फक्त आता रोज सुटताना काका न मागता पिशवी उघडून खिडकीत ठेवतात.

"काका, नका ना असं करू."

"असू द्या ताई. तुम्हाला घोर नको."

ताई पिशवीकडे बघत नाहीत. मीही बघत नाही. चूक माझी नव्हती हे मला ठाऊक आहे, तरी त्या वेळी माझा गोंद ओला होतो.

म्हणून विनवतो, मित्रांनो, आम्हाला नीट लावा, जपून वापरा. आणि कधी आम्ही गप्प बसलोच, तर आधी फळीवर बघा, मग कुणाच्या पिशवीत.