कपाळावरचा पट्टा

बस, लेका, त्या दगडावर. चढानं दम काढलाय तुझा. तोवर एक गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर अर्ध्यातून ऊठ, मी धरून ठेवणार नाही.

त्या दिवशी कान्येरेआई छावणीच्या फाटकात उभी होती, पाठीवरची टोपली खाली न ठेवता. टोपलीचा पट्टा कपाळावर ताणलेला, मान खाली. म्हणजे कॅप्टनशी बोलत होती ती त्याच्या बुटांकडं बघून.

"आजही त्या जंगलातल्या बंदूकवाल्यांनी निम्म्या शेंगा काढून घेतल्या," ती म्हणाली. "ओढ्याजवळ बसतात. दर बाईच्या टोपलीतनं निम्म्या. असंच चाललं तर पेरायला बी राहणार नाही."

कॅप्टन म्वासागा शांतिसेनेचा, निळ्या टोपीचा. समुद्राकडचा माणूस. आमचीच भाषा बोलायचा, पण अशी धुतलेली, इस्त्री केलेली, की पोरं त्याला रेडिओ म्हणायची.

"आई, त्यांच्या बंदुका खांद्यावर असतात. त्यांनी कुणावर रोखल्याशिवाय मला गोळी घालता येत नाही. तसा हुकूम आहे."

"त्यांनाही ठाऊक आहे तुझा हुकूम. म्हणून तर खांद्यावर असतात."

कॅप्टननं टोपीचा बंद सैल केला, परत आवळला.

"मग उद्या आम्ही थांबणारच नाही," ती म्हणाली. "चालत राहू. त्यांनी रोखल्या की तुझा हुकूम सुरू होतो ना?"

"आणि रोखून लगेच चालवल्या तर?"

"म्हणून टेकडीवर दुर्बीण लावून बसू नकोस. माझ्या शेजारी चाल."

आता असं त्याला कुणी वरिष्ठानंही सांगितलं नसेल. त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "किती वाजता निघता?"

"घड्याळ तुझ्याकडं आहे. आम्ही दव वाळलं की निघतो."

दुसऱ्या दिवशी शेंगा काढून बाया परत निघाल्या. सगळ्यात पुढं कान्येरेआई. कडेनं कॅप्टन आणि त्याचे शिपाई, बंदुका हातात. मागून मासिका, तिच्या भावाची सून, सारखी टोमणे मारत होती.

"कॅप्टनसाहेब, एखादी टोपली घ्या की. हात नुसते रिकामे."

"हात रिकामे नाहीत, ताई."

"त्या लोखंडाची भाजी होत नाही."

शिपाई हसले. ओढा आला तसे गप्प झाले.

ओढ्यापलीकडं ते बसले होते. त्यांचा म्होरक्या मुम्बेरे, अंगावर फुटबॉलचा मळका सदरा. त्यानं नेहमीसारखा हात वर केला. बाया थांबल्या नाहीत. कपाळाला पट्टा असला की समोरचं दिसत नाही, पायाखालचं दिसतं. कान्येरेआई पाण्यातले दगड बघत बघत ओढ्यात उतरली.

"ए म्हातारे, थांब!"

ती चालतच राहिली. मुम्बेरेनं खांद्यावरची बंदूक काढली आणि तिच्यावर रोखली.

"बंदूक खाली!" कॅप्टननं एकदा ओरडून सांगितलं. मुम्बेरेनं बंदुकीचा दस्ता गालाला लावला, तशी कॅप्टननं गोळी झाडली.

मुम्बेरे कोसळला. मांडीत गोळी. बाकीचे जंगलात पळाले. शिपाई त्या झाडीवर बंदुका रोखून उभे, कुणाला हलता येईना. गाडी या उतारावर येत नाही. मुम्बेरेच्या पायाखालची माती काळी होत चाललेली. कॅप्टननं आपल्या कमरेच्या पट्ट्यानं त्याची मांडी आवळून बांधली. गाठ पक्की बसली.

मासिका पाण्यात थुंकली. "मरू दे. सुगीभर आपल्या शेंगा खाल्ल्या मेल्यानं."

कान्येरेआईनं कपाळावरचा पट्टा काढला आणि टोपली वाटेवर उपडी केली. सगळ्या शेंगा मातीत.

"आई, शेंगा..." कॅप्टन म्हणाला.

"उद्या वेचीन. शेंगा कुठं पळून जात नाहीत." मग मासिकाकडं वळली. "माझ्या शेंगा आहेत त्याच्या पोटात. बघत काय बसलीस? पाय धर त्याचा."

दोघींनी त्याला कान्येरेआईच्या पाठीवर घेतलं, लुगड्यात गुंडाळून, पट्टा त्याच्या बुडाखालून. तिनं तो कपाळाला लावला, गुडघ्यावर हात टेकले आणि उठली. दवाखान्यापर्यंत कॅप्टन तिच्या शेजारी चालला, तिच्याच पावलानं.

झाल्या की दोन सुग्या त्याला. ओढ्याजवळ आता कुणी बसत नाही.

ती बघ, कान्येरेआई खालच्या वळणावर आलीच. ऊठ जरा, तिची टोपली उतरवून घे. नको म्हणेल, तरी घे. आणि मागून तो पुरुष येतोय ना, लंगडत, बायांसारखा कपाळाला पट्टा लावून? पोरं हसतात त्याला. तू हसू नकोस. पाणी दे प्यायला, आणि पायाचं काही विचारू नकोस.