सामाईक पट्टीतलं अंजीर

दिरांनी मागच्या पट्टीत विटा उतरवल्या तेव्हा मी खिडकीशी मशीनवर ब्लाउजच्या बाह्या जोडत होते. टेम्पो आला, विटा धडाधड पडल्या, धुरळा सगळा माझ्या आमटीत. मी खिडकीतूनच विचारलं, "काय हो भाऊजी, किल्ला बांधताय का?"

"दोन खोल्या काढतोय," हिंदुराव म्हणाले. "खराडीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्याने द्यायला. तुमच्या खिडकीपासून हातभर सोडून भिंत येईल. वाऱ्यापुरती जागा राहते की."

हातभर! त्या जागेतून उंदीरसुद्धा अंग चोरून गेला असता.

आमचं घर हडपसरला. सासऱ्यांनी बांधलेलं, बैठं. अर्धं थोरल्याचं म्हणजे आमच्या ह्यांचं, अर्धं धाकट्याचं, आणि मागची पट्टी दोघांत सामाईक. समोर अकरा मजली इमारत उभी राहिल्यापासून माझ्या पुढच्या खोलीत भर दुपारी संध्याकाळ असते. एका अंगाला दिरांची भिंत, दुसऱ्या अंगाला पिठाच्या गिरणीची. उजेड येतो तो फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीतून, आणि त्या खिडकीला माझं शिवणाचं मशीन. हे गेल्यावर त्याच मशीनवर मी उत्कर्षाला वाढवली, इंजिनियर केली. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर माझ्या डोळ्यांना दिवसाचाच उजेड लागतो, दिव्याखाली मला दोरा दिसत नाही. ती खिडकी बुजली की माझं पोट बुजलं. हिंदुरावांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर हा घाट. बाई कंटाळून मुलीकडे जाईल आणि अर्धं घर आयतं पदरात पडेल!

"पट्टी सामाईक आहे," मी म्हटलं. "माझ्या सहीशिवाय एक वीट लागायची नाही."

"मग जा कोर्टात. निकाल तुमची नातवंडं ऐकतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्कर्षा ऑफिसातून तिच्या फ्लॅटवर जाता जाता माझ्याकडे आली, तशी मी तिच्यापुढे तासभर तोफ डागली. ती पोळी खात सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "आई, बांधायला दोघांची सही लागते. पण झाड लावायला?"

"झाड लावायला कुणाची सही लागते मेली!"

"मग चिल. आपण ऑनलाइन ऑर्डर करू. फुल फ्रूट गार्डन."

"मला फळं खायची नाहीत. मला जागा अडवायचीय," मी म्हटलं. पण एकदा तिच्या फोनवर ती चित्रं बघायला लागले आणि मलाच हाव सुटली. पेरू घेतला, लिंबू घेतलं, तुती, दोन करवंदं, स्ट्रॉबेरीच्या रोपांचा एक ट्रे. आणि अंजीर मात्र माझ्या हट्टाचं. सासवडकडची अंजिरं आली की आमचे हे जेवण सोडून ती खात बसायचे.

आठवड्यात खोका आला. वर मोठ्या अक्षरांत 'उभा ठेवा' लिहिलेला, आणि त्या पोराने तो आडवा काखेत मारून आणलेला. स्ट्रॉबेरीने मान टाकली होती, बाकीची बरी होती. अंजीर म्हणजे नुसती एक काठी. वर तीन पानं, आणि खाली वीतभरावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेला कलमाचा सांधा. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, सांधा मातीच्या वर ठेवावा, त्याच्या खालून येणारी फूट काढत राहावी. मी वाचलं आणि कागद मशीनच्या खणात टाकला.

रविवारी पदर खोचून मी पट्टीत उतरले. त्यांच्या विटा एका कडेला नीट रचून ठेवल्या, उगाच कुणी म्हणायला नको की बाईला रीत नाही. खड्डे काढले, शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली. हिंदुराव बनियनवर चहाचा कप घेऊन दारात उभे.

"वहिनी, दाराशी काटेरी झाडं लावू नयेत. लिंबू-करवंदाने घरात भांडणं होतात."

"आत्ता काय भजन चाललंय?"

चहा तसाच मोरीत ओतून ते आत गेले.

मग त्यांची बाजू सुरू झाली. जाऊबाईंनी कपड्यांचं साबणाचं पाणी नेमकं स्ट्रॉबेरीच्या ट्रेवर ओतलं आणि वर "अय्या, दिसलंच नाही हो!" लिंबावर स्कूटर मागे घेतली गेली. दोन दिवसांनी पेरू आणि करवंदं शेळीने खाल्ली. हडपसरच्या आमच्या गल्लीत शेळी! कुठून मिळवली कुणास ठाऊक, पण खटपट बरीच केली असणार. तुती एका सकाळी मुळासकट गटारात. मी काय गप्प बसतेय? उरलेल्या शेणखताची पाटी स्कूटरच्या सीटवर 'चुकून' उपडी झाली, आणि लग्नाला निघालेले दोघं परत घरात. त्या दिवशी मी पुरणपोळी केली होती.

पण अंजीर मात्र जगलं. विटांच्या आडोशाला होतं, कुणाचा पाय तिकडे पडला नाही. उन्हाळा लागता लागता ते माझ्या कमरेला आलं आणि त्याला तीन अंजिरं धरली, हिरवी, सुपारीएवढी. रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी मी ती बघून यायचे. खरं सांगते, तोवर ते झाड जागा अडवायला लावलंय हेच मी विसरले होते.

हिंदुरावांनी ते दिवसाढवळ्या मोडलं. चोरून नाही, माझ्या खिडकीसमोर उभं राहून, माझ्या डोळ्यांत बघत. सांध्यापाशी धरलं, एकदा इकडे, एकदा तिकडे, कडाक. तिन्ही अंजिरांसकट शेंडा माझ्या खिडकीच्या कठड्यावर आणून ठेवला.

"तोडायलाही सही लागत नाही, वहिनी," म्हणाले.

मी रडले. दुःखाने नाही, रागाने. त्या दिवशी मी मशीनला हात लावला नाही. मातीत वीतभर खुंट तेवढा उरला होता. मी तो उपटला नाही. दात-ओठ खात रोज त्याला तांब्याभर पाणी घालत राहिले. मेलेल्या काठीला पाणी घालते, वहिनींच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं जाऊबाई दळणाला गेल्या की गिरणीत सांगायच्या.

महिन्याभराने खुंट फुटला. कोवळी, तांबूस पानं. मी इतकी हरखले! पण पानं मोठी झाली तशी मला शंका यायला लागली. अंजिराचं पान कसं खरखरीत, पंज्यासारखं फाकलेलं. हे तर गुळगुळीत, लांबट, टोकदार. हे पान मी लहानपणापासून बघत आलेय. मी तरातरा खणातला कागद काढला आणि नर्सरीला फोन लावला.

"काय हो, लाज नाही वाटत? अंजीर मागवलं तर उंबर पाठवलंत?"

पलीकडची मुलगी मोठी शांत. "मॅडम, आम्ही अंजिराचं कलम उंबराच्याच खुंटावर बांधतो. मुळांना कीड लागत नाही. वरचं तुटलं असेल तर खालून उंबरच फुटणार. ती फूट काढत राहायची असते."

"उंबर? खराखुरा उंबर?"

"हो मॅडम. सॉरी, नवीन रोप पाठवू का?"

"नको गं बाई! तुझ्या तोंडात साखर पडो!" म्हणून मी फोन ठेवला.

त्याचं कारण असं की माझे दीर कट्टर दत्तभक्त. गुरुवारचा कडकडीत उपास, दर पौर्णिमेला वाडीची वारी चुकवायची नाही, स्कूटरवर दत्त, मोबाइलवर दत्त. भावाची बायको उपाशी मेली तरी चालेल, पण उंबराला पाय लागला तर हा माणूस आठ दिवस जेवणार नाही. मी स्वतः जन्मात कधी उपास धरलेला नाही. पण त्या गुरुवारी मी मंडईतून दगडी पादुका आणल्या, खुंटाशी मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात दत्ताचा जयजयकार केला.

हिंदुराव धावत बाहेर आले. "हे काय चाललंय?"

"पान ओळखा की, भाऊजी. औदुंबर आहे. तुमच्याच हातून प्रकट झाला."

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. वाकून पान हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं. मग आपोआप त्यांचे हात जोडले गेले, आणि जोडले गेले म्हणून ते आणखीच चिडले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मांजरी गावाहून मच्छिंद्र गवंड्याला कोयता घेऊन बोलावलं. मच्छिंद्रने एकदा झाड पाहिलं, एकदा पादुका पाहिल्या. "मालक, उंबर हाय ह्यो. म्या न्हाय हात लावायचा. तुमी लावा." हिंदुरावांनी कोयता घेतला. उभे राहिले. उभेच राहिले. मग कोयता खाली ठेवून स्वतःच्या गालांवर चापट्या मारून घेतल्या. मी खिडकीत खदाखदा हसले, अगदी मशीनवर डोकं टेकून हसले. असा भाडेकरू ठेवला होता मी पट्टीत, की त्याला उठवायची कुणाची छाती नव्हती.

खोल्यांचं नाव निघेनासं झालं. विटांवर शेवाळ चढलं. भाऊजी दिसले की मी मुद्दाम विचारायचे, "काय, कधी घालताय पाया?" दोन वर्षं मी अशी मजेत काढली. गल्लीतल्या बायका गुरुवारी प्रदक्षिणेला यायला लागल्या, तेव्हाही मला आनंदच झाला. जितकी माणसं तितका उंबर पक्का.

पण झाडाला कुणी सांगितलं होतं का, की खिडकीपाशी थांब म्हणून? तिसऱ्या वर्षी ते पत्र्याच्या वर गेलं, चौथ्या वर्षी त्याचा डेरा पट्टीभर पसरला. खाली उंबरांचा सडा, त्यावर चिलटं. आधी उजेड हिरवा झाला, मग दुपारपुरता उरला, मग तोही गेला. मी मशीन सरकवून पाहिलं, चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. एके दिवशी शबनम, माझी पंधरा वर्षांची गिऱ्हाईक, ब्लाउज परत घेऊन आली. "काकू, निळ्या कापडाला काळा दोरा घातलाय तुम्ही," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"दोन फांद्या कापून टाक ना, आई," उत्कर्षा म्हणाली. "तुझा कुठे विश्वास आहे?"

नव्हताच. दुसऱ्या दिवशी गुरुवार आहे हे विसरून सकाळीच मी स्टुलावर चढले, खिडकीवरची फांदी धरली आणि कोयता उचलला.

"वहिनी!" हिंदुराव मागे उभे. रागावलेले नव्हते, चक्क हसत होते. "हात लावून तर बघा. देवाचं झाड आहे. पादुका तुम्हीच मांडल्यात, सगळ्या गल्लीने पाहिलंय."

प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. पाव किलो साखर खाल्ल्यासारख्या गोड चेहऱ्याने जाऊबाई त्यांच्यात उभ्या. मी खाली उतरले.

त्याच महिन्यात मच्छिंद्र पुन्हा आला. त्या शेवाळलेल्या विटा त्याने घासून काढल्या आणि उंबराभोवती पार बांधायला घेतला. मी ओरडले, "पट्टी सामाईक आहे! पाराला माझी सही लागते!"

"द्या की," हिंदुराव सगळ्या बायकांसमोर म्हणाले. "नाहीतर देवाच्या कामाला तुमची ना आहे, असं लिहून द्या."

लिहून काय देणार, कप्पाळ! त्या बायकांतल्या निम्म्या माझी गिऱ्हाइकं. पार बांधून झाला, त्याची कड थेट माझ्या खिडकीपर्यंत आली. हिंदुरावांनी मध्ये हात घालून मोजून दाखवलं. "हातभर सोडलंय, वहिनी. वाऱ्यापुरतं."

आता दर गुरुवारी संध्याकाळी पारावर आरती असते. ढोलकी, टाळ, आणि माझ्या खिडकीच्या गजाला बांधलेला स्पीकर. परवाच्या गुरुवारी मी आतून हलले नाही, तर हिंदुराव आरतीचं ताट घेऊन खिडकीशीच आले. मागे सगळी गल्ली. मला नाही म्हणता येईना. मी गजांतून हात काढला, ज्योतीवरून फिरवला, डोळ्यांना लावला.

"दिसतंय ना नीट?" ते हळूच म्हणाले, फक्त मला ऐकू येईल असं. "नाहीतर उत्कर्षाकडे जाऊन राहा. तिच्या फ्लॅटला म्हणे मोठ्या खिडक्या आहेत."

चार वर्षं हा माणूस ही खिडकी बंद व्हावी म्हणून धडपडत होता, आणि मी चार वर्षं ती उघडी राहावी म्हणून. ते ताट घेऊन वळले, लोकांनी जयजयकार केला, चिलटांचा एक लोट आत आला आणि मशीनवरच्या कापडावर बसला.

मी दोन्ही झडपा ओढून घेतल्या, कडी घातली आणि भिंत चाचपत दिव्याचं बटण शोधायला लागले.