सत्तावीस बटणं

रविवारी दुपारी मावशी बटणांचा डबा घेऊन आकडेवाल्याच्या घरी आली. डबा तोच, पत्र्याचा. आई गेल्यावर चार वर्षांच्या या भाच्याला मावशीने आपल्या घरी आणलं आणि याच बटणांवर एक ते शंभर शिकवलं. पुढे पोरगा गणित इतकं शिकला की मोठ्या इस्पितळाच्या नियोजन कचेरीत त्याला स्वतःची खोली मिळाली. त्याच इस्पितळाच्या तळघरात, धुलाईघरात, मावशी सव्वीस वर्षं रुग्णांच्या अंगरख्यांना बटणं लावत होती. सगळं इस्पितळ त्याला आकडेवाला म्हणायचं, आणि मावशी ते नाव एखादी पदवी असावी अशा थाटात चारचौघांत सांगायची.

"हे बघ," ती टेकता टेकताच म्हणाली, "तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. चुकलंय माझंच. पण कुठे ते दाखव, म्हणजे मला बायकांना सांगता येईल."

झालं होतं ते असं. धुलाईघर बंद करायचं, कपडे बाहेर धुवायला द्यायचे आणि तिथल्या सत्तावीस बायकांना निरनिराळ्या इमारतींत साफसफाईला पांगवायचं, हे वरच्या मजल्यावर केव्हाच ठरलेलं होतं. फक्त 'आम्ही ठरवलं' असं म्हणायचं धाडस वरच्यांपैकी कुणात नव्हतं. म्हणून संचालकांनी आकडेवाल्याला बोलावून घेतलं.

"निर्णय खालून वर यायला हवा," ते म्हणाले. "पायरी पायरीने. आणि योग्य तोच यायला हवा. तुम्ही हुशार आहात, जास्त बोलायला नको."

नकोच होतं. महिनाभरापूर्वी त्यानेच 'नाव गुप्त राहील' असं सांगून बायकांकडून पत्रकं भरून घेतली होती. नाव कुठेच नव्हतं, पण प्रत्येक पत्रकाच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक होता, त्यावरून कोण काय म्हणणार ते त्याला आधीच कळलं होतं. आठ जणी बंद करा म्हणणार होत्या, एकोणीस नको म्हणणार होत्या. त्याने नऊ टेबलं मांडली. प्रत्येक टेबलाला तिघी: एक धुण्यातली, एक इस्त्रीतली, एक शिवणातली. तिघींत दोघी म्हणतील ते टेबलाचं मत. तीन टेबलांचा एक गट, त्यात दोन टेबलं म्हणतील ते गटाचं मत. आणि तीन गटांत दोन म्हणतील तो निकाल. वरून बघणाऱ्याला वाटावं, न्याय म्हणतात तो हाच. बायका तर हरखूनच गेल्या. आजवर त्यांना खुर्ची देऊन कुणी काही विचारलं नव्हतं. "माझ्या भाच्याने मांडलंय, बिनधास्त मत द्या," असं मावशी एकेकीला सांगत फिरली. निकाल लागला तो धुलाईघर बंद करण्याचा.

"आता ऐक," मावशी म्हणाली. "चादरीची घडी घालायला दोघी लागतात. समोरचीचं तोंड दिसतं. या आठवड्यात मी एकेकीबरोबर चादर धरली आणि विचारलं, बाई, तू काय लिहिलंस? माझ्यासकट एकोणीस जणी नको म्हणाल्या. मग आम्ही हरलो कशा? आयुष्यभर चादरी मोजल्या, एक कमी-जास्त झाली नाही. बायकाच मोजताना कशी चुकले?"

त्याच्याकडे जड जड शब्दांचा साठा होता. ते तिच्यावर फेकले असते तर तिने मान डोलावून ऐकून घेतले असते आणि भाचा किती शिकला म्हणून सुखावून घरी गेली असती. हेच त्याला सोसेना. त्याने डबा जमिनीवर पालथा केला.

आठ काळी बटणं वेचली, एकोणीस पांढरी. तीन-तीनच्या ढिगल्या केल्या. पहिल्या गटात दोन ढिगल्यांत दोन-दोन काळी आणि एकेक पांढरं, तिसरी ढिगली सगळी पांढरी. दुसरा गट हुबेहूब तसाच. तिसऱ्या गटात नऊच्या नऊ पांढरी.

मावशी बोट ठेवत गेली. पहिला गट काळा. दुसरा गट काळा. तिसरा पांढराशुभ्र, पण त्याला आता विचारतो कोण? तिने एक काळं बटण उचलून पांढऱ्या ढिगलीत ठेवलं, तिथलं पांढरं इकडे आणलं आणि पुन्हा मोजलं. सगळा निकाल फिरला.

"म्हणजे कोण कुठे बसलं, त्याच्यावर होतं सगळं."

"हो."

"आणि बसवलं कुणी?"

"मी." त्याने पांढऱ्या ढिगल्यांवर बोट ठेवलं. "तू या तिसऱ्या गटात होतीस. तू बोलायला लागलीस की माणसं वळतात, म्हणून. तिथे वळवायला कुणी नव्हतंच."

"तरीच," मावशी सावकाश म्हणाली. "आमच्या टेबलावर सगळ्या एका मताच्या निघाल्या. घरी येऊन किती कौतुक केलं मी तुझं."

तिने त्याला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली, पदर नीट केला. "बायकांना सांगते, माझंच मोजणं चुकलं म्हणून. तुझ्या नावाला बट्टा नको." आणि या गणिताच्या पंडिताने, सांगायलाही लाज वाटते, होकारार्थी मान हलवली. डबा तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी तो डबा घेऊन तळघरात उतरला. पायऱ्यांवरच हसणं ऐकू आलं.

"एकोणीस म्हणे!" इस्त्रीवाली म्हणत होती. "मावशी, भाच्याकडे शिकवणी लाव."

"लावते बाई, लावते," मावशी हसत होती. डोळे मात्र सुईवरून उचलत नव्हती.

त्याला बघून दोघी-तिघींनी खुर्ची पुढे केली. भुईने पोटात घ्यावं असं त्याला झालं. तो बसला नाही. घड्या घालायच्या टेबलावर त्याने सत्तावीस बटणं मांडली, कालच्यासारखीच.

"मावशी चुकलेली नाही," तो म्हणाला. "तुम्ही एकोणीस जणी नको म्हणाला होतात. फसवलं मी."

हसणं थांबलं. मावशी सुई टाकून आली आणि दोन्ही हात पसरून तिने बटणं झाकली. "काहीतरीच बोलतोय तो. ऐकू नका त्याचं."

त्याने तिचे हात धरून हळूच बाजूला केले.

"मोजा," तो बायकांना म्हणाला.