श्रावणातला गल्ला

महाडच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. कापडवाले, कोंबडीवाले, टेम्पोवाले, सगळे जमाखर्चाच्या वह्या छातीशी धरून बसलेले. समोर चौरंगावर संगणक. पडद्याला झेंडूचा हार, माऊसवर हळदकुंकू. आणि मागे संगणकानंद महाराज! वही आठ दिवस 'यंत्रदेवतेच्या चरणी' ठेवायची. मग प्रिंटर करकरत पुढच्या वर्षाचं भविष्य बाहेर काढायचा: कुठल्या महिन्यात गल्ला भरेल, कुठल्या महिन्यात खडखडाट. बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं.

पोलादपूरला हमरस्त्यावर मटणाची खानावळ चालवणाऱ्या बनुबाईला तर प्रचीतीच आली होती. "ऑगस्टात गल्ला आटेल," असं महाराज गेल्या वर्षी म्हणाले आणि तो आटला. यंदाही कागदावर तेच निघालं आणि त्यांनी उपाय सांगितला: लक्ष्मीबंधन पूजा, अकरा हजार. बनुबाईने बांगड्या मोडायचं ठरवलं. नवऱ्यामागे तेवढ्या दोनच उरल्या होत्या.

हायस्कुलात संगणक शिकवणाऱ्या प्रियदर्शिनीबाई दुपारी तिच्याकडे जेवायला येत. त्यांनी हे ऐकलं आणि विचारलं, "बनुबाई, ऑगस्टात मराठी महिना कोणता?"

"श्रावण."

"मग तुमच्याकडे मटण खायला कोण येणार?"

बनुबाईचा वाढता हात थांबला. "पण बाई, म्हाराजांना कुठं ठाऊक माझं मटणाचं हाय? मी नुसती खानावळ सांगितलेली."

"त्यांना ठाऊक नाहीच. तुमच्या वहीला ठाऊक आहे."

शाळा सुटल्यावर बाईंनी जुन्या वह्यांतले महिन्यामहिन्याचे आकडे संगणकाच्या रकान्यांत भरले. दोन वर्षांची सरासरी काढली, जमेतून खर्च वजा केला, शिल्लक पुढच्या महिन्यात ओढली. ऑगस्टाच्या चौकटीत महाराजांच्या कागदावरचाच आकडा उमटला. ना हार, ना अगरबत्ती. बनुबाईला रागापेक्षा लाज जास्त वाटली.

"आता एक खोटी वही लिहू," बाई म्हणाल्या. "दोन्ही वर्षी ऑगस्टात सगळ्यात जास्त विक्री दाखवायची."

"देवाशी खोटं बोलू, बाई?"

"देव असेल तर पकडेल की!"

'मागची वही चुकली होती, ही खरी,' असं सांगून बनुबाईने ती महाराजांना दिली. आठ दिवसांनी भरल्या माडीवर महाराजांनी कागद कपाळाला लावला. "माई, तुझी भक्ती फळली! ऑगस्टात तुझ्या खानावळीत माणूस मावणार नाही!"

मग कोंबडीवाला चांगू ओरडला, "म्हाराज, मटणाची खानावळ हाय ती! श्रावणात गर्दी कसली?" सगळी माडी हसायला लागली.

महाराज गडबडले. "वहीत... म्हणजे माईच्या मनात खोट आहे!"

"मनात नाय, वहीत हाय," बनुबाई उठून म्हणाली. "मीच लिवली ती. तुमच्या देवाला येवढं पण नाय कळलं?"

मग तिच्यासोबत आलेल्या प्रियदर्शिनीबाईंनी सगळी रीत सांगितली. "यात चमत्कार काहीच नाही. तुम्हीच लिहिलेले आकडे तुम्हालाच परत विकले जातात. यंत्र खोटं नाही. पण ते दिलेल्या आकड्यांपलीकडचं जाणत नाही. पूजेने गिऱ्हाईक वाढत नाही. उद्या रस्ता बंद पडला तर हा अंदाजही चुकेल."

पुढच्या गुरुवारीही माडीवर माणसं आलीच, पण निम्मी. बनुबाई त्यांत नव्हती. आषाढातली कमाई तिने थोडी बाजूला ठेवली आणि श्रावणभर वालाची उसळ नि भाकरी विकली. नफा कमी झाला, पण चूल विझली नाही. आपल्या धंद्याचं पुढचं जाणून घ्यायचं असेल, तर आधी आपलीच वही आपण वाचावी आणि जो कोणी ती डोळे झाकून द्यायला सांगेल, त्याला आधी 'का?' म्हणून विचारावं.