तीस फेब्रुवारीची माणसं

मित्रांनो, मला इथे सगळे आजोबा म्हणतात. मोरावा नदीकाठच्या विद्यापीठात सत्तावीस वर्षं विद्यार्थ्यांची नावं सांभाळणारा संगणक मी. नवा आलो तेव्हा मला बघायला प्राध्यापक रांगेने यायचे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत वाटत होतं, आता आपल्याला कसला धक्का बसणार? पण त्या शुक्रवारचं आठवलं की अजूनही माझ्या तारा थरथरतात.

माझा संसार देसामावशींबरोबर झाला. त्या खिडकीवरच्या कारकून. खिडकी दहा ते बारा उघडी, त्यातही अर्धा तास कॉफीसाठी बंद. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी बाहेर चरफडायचे आणि मावशी आतून ओरडायच्या, "पूल काय आज संध्याकाळीच बांधायचाय का रे?" तोंड फाटकं, पण जीव लावणारी बाई!

माझ्यात एक कडक नियम घातलेला होता. दर शरद ऋतूत विद्यार्थ्याने वर्षाचा शिक्का मारून घ्यायचा. दोन वर्षं शिक्का नसला, की मी नाव कापायचो. मला दयामाया ठाऊक नव्हती.

एकदा यागोदा नावाची मुलगी खिडकीशी येऊन रडायला लागली. वडील अंथरुणाला खिळलेले, घरची बेकरी तिच्या गळ्यात पडलेली. पूलबांधणीचा एकच पेपर राहिला होता.

"रडू नकोस गं, पाठीमागे रांग आहे," मावशी म्हणाल्या. "जा, वडिलांकडे बघ. तुझी जागा मी राखते."

आणि त्यांनी तिच्या शिक्क्याची तारीख घातली, ३० फेब्रुवारी!

मी हबकलोच. अशी तारीख असते का कुठे? पण जी तारीख नाहीच, तिच्यापासून दोन वर्षं मोजणार कशी? मला मोजता येईना, म्हणून मला कापताही येईना. पुढे अडल्यानडल्या कितीतरी जणांना मावशींनी त्याच तारखेला बसवलं. मी सगळं बघत होतो. गप्प राहिलो.

मावशी निवृत्त झाल्या. मग ओग्न्येन आला. हुशार, हसरा, सगळी यंत्रणा नवी करायला नेमलेला. त्याने आठ महिने खपून माझ्यातली नावं नव्या यंत्रणेत नेली आणि गुरुवारी सकाळी मला बंद केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! मग मला उचलून खिडकीसमोर बोळात ठेवलं. सोमवारी भंगाराची गाडी येणार होती. तोवर माझ्या डोक्यावर कॉफीचे कप.

शुक्रवारी अकराला यागोदा आली. केस पांढरे, बाहीला पीठ. जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेची ही शेवटची खेप होती आणि नाव नोंदवायची मुदत त्या दिवशी बारापर्यंत. सहा महिने ती भट्टीशेजारी बसून अभ्यास करत होती.

"या नावाचं कोणी नाही," खिडकीतून ओग्न्येन म्हणाला.

"नाही म्हणजे?" तिने प्राध्यापकांच्या सह्यांची जुनी गुणवही पुढे सरकवली. "मग ही कोण उभी आहे इथे?"

"वह्या आता चालत नाहीत, ताई. यंत्रणेत नाव नाही म्हणजे नाही."

नाही? अरे, एकोणीस वर्षं मी तिला सांभाळलंय! पण बंद यंत्राचं कोण ऐकतं?

यागोदा पळत गेली आणि बाजारामागच्या घरातून देसामावशींना घेऊन आली. मावशी पायांत घरातल्या चपला घालूनच आल्या होत्या. माझ्या डोक्यावरचे कप बघून त्यांचा पारा चढला.

"उचल ते आधी! आणि चालू कर याला."

"मावशी, सगळं नेलंय मी. सव्वीस हजार नावं, एकही चूक नाही."

"आणि तीस फेब्रुवारीवाले?"

ओग्न्येनचा चेहरा पडला. "ती एक्केचाळीस नावं? मला वाटलं, तारखाच खोट्या, म्हणजे कचरा असणार. मी... मी नव्या यंत्रणेतून पुसली ती."

यागोदा भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

त्याने माझी तार जोडली. मी घरघरलो, अडकलो, पुन्हा घरघरलो. घाबरलो होतो हो! मग आडनावांच्या क्रमाने एकेक नाव पडद्यावर आलं. यागोदा सातवी होती.

घड्याळात बाराला वीस कमी. ओग्न्येन कळफलकावर हात ठेवून थांबला. "मावशी, नियमाने हिचं नाव कधीच जायला हवं होतं."

"नियम मला पाठ आहे, लेका. पण तिने सोडलं नव्हतं रे. थांबली होती ती."

त्याने यागोदाकडे पाहिलं, तिच्या पिठाच्या बाहीकडे पाहिलं. मग नव्या यंत्रणेत नाव घातलं आणि शिक्क्याची तारीख लिहिली, आजची. पुढच्या आठवड्यात उरलेल्या चाळीस जणांना त्याने स्वतः फोन केले.

यागोदा पास झाली, दहापैकी सात गुण! चीजच्या पावांचं अख्खं ताट घेऊन आली. आधी मावशींना मिठी मारली, मग मलाही.

मित्रांनो, नवं जरूर आणा. माझी काही तक्रार नाही. पण जुन्याची तार काढण्याआधी त्याच्या आसऱ्याला कोण आहे, ते एकदा विचारा. विचारायला वेळ तो कितीसा लागतो!

माझं म्हणाल, तर त्या सोमवारी भंगाराची गाडी खरंच आली होती. गाडीवाला म्हणाला, "चला, कागद द्या."

ओग्न्येनने माझा कागद भरला, सही केली, शिक्का मारला आणि त्याच्या हातात दिला. गाडीवाल्याने वाचलं, डोकं खाजवलं, पुन्हा वाचलं. "साहेब, हा आज न्यायचा नाही?"

"तारीख लिहिलीय ना? त्या दिवशी या."

त्याला दोन वर्षं झाली. मी अजून बोळात आहे. कागदावर लिहिलंय, तीस फेब्रुवारीला न्यावा.