ग्लेनच्या डिकीची खिट्टी

मी एका जुन्या लाल गाडीच्या डिकीची खिट्टी बोलतेय. दोन माणसांची, उघड्या टपाची, रस्त्याला पोट घासेल एवढी बुटकी गाडी. लोक तिचं नाक बघतात, चाकं बघतात. खिट्टीकडे कोण बघतं? मी अडकले की मगच माझी आठवण होते.

माझा जन्म कोव्हेंट्रीजवळच्या एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या हजारो तिथे एका साच्यातून निघाल्या. माझ्या पोटात बोटभर मोटार बसवली आणि तिला दोन तारा जोडल्या. एकीतून वीज यायची, दुसरीतून परत जायची. शिवाय किल्लीचं भोक होतंच. वीज रुसली तर किल्ली, किल्ली हरवली तर वीज. तेव्हा आयुष्य सोपं होतं.

पहिला मालक दातांचा डॉक्टर. तो डिकी आपटायचा, मग लागली का बघायला वर ओढायचा, मग पुन्हा दाबायचा. एकदा आपटून माणसांचा विश्वास बसत नाही. पुढे त्याची कंबर धरली, बुटक्या गाडीत वाकून बसवेना. मग आम्ही कितीतरी वर्षं कापडाखाली पडून राहिलो. बाहेर पाऊस आणि आत ओल. माझ्या परतीच्या तारेच्या स्क्रूला गंज चढला तो तेव्हाच.

मग ग्लेन आला. तो टनस्टॉलला कपबशांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. त्यानं गाडी घराच्या मागच्या गल्लीत आणली आणि सगळ्यात आधी किल्लीचं भोकच बुजवलं. पत्रा जोडला, पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं कित्येक रविवार घासलं आणि वर रंग दिला. या गाडीवेड्यांमध्ये तीच शान. रविवारच्या मेळाव्यात ते एकमेकांच्या डिकीवर तळहात फिरवतात आणि भोक कुठे होतं ते शोधतात. नाही सापडलं तर मान डोलावतात. ग्लेनच्या डिकीवर ते कुणाला कधीच सापडलं नाही.

माझं मात्र एक दार कायमचं बंद झालं. आता फक्त वीज, तीही गाडीतल्या बटणावर. आणि या गाडीची बॅटरी असते डिकीतच, माझ्या पाठीमागे. म्हणजे बॅटरी मेली तर मी उघडणार नाही, आणि मी उघडले नाही तर बॅटरीला कुणी हात लावू शकणार नाही. मित्र त्याला चिडवायचे, "ग्लेन, तू तिजोरी बांधलीस आणि चावी आत ठेवलीस!" तो हसायचा.

ग्लेनला लाल आणि हिरवा रंग सारखाच दिसे. म्हणून त्यानं गाडीतल्या सगळ्या तारा काढून एकाच राखाडी रंगाच्या घातल्या. कुठली तार कुठे जाते ते त्याच्या डोक्यात होतं. कागदावर काही नाही.

आणि एके दिवशी ते डोकंच गेलं. कारखान्याच्या जिन्यात तो कोसळला. हृदय थांबलं. एकतीस वर्षांचा होता.

अंत्यविधीची तारीख मिळायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात बॅटरी मेली. शुक्रवारी शववाहिकेच्या लगेच मागे ग्लेनची गाडी निघायची होती. आपल्यातला कुणी गेला की हे गाडीवेडे असंच करतात. पहिली त्याची गाडी, मग बाकीच्यांच्या. चालवणार होता धाकटा भाऊ कीरन, शेजारी त्यांची आई मॉरीन.

बुधवारी दुपारी कीरन आला. एकोणीस वर्षांचा पोरगा, शाळा अर्धवट सोडलेला. तीन आठवडे धड झोपलेला नव्हता. मामाच्या व्हॅनमधून त्यानं दोन जाड तारा आणल्या आणि व्हॅनच्या बॅटरीतून वीज द्यायला पुढे इंजिनाशी जोडल्या. उलट्या. काही बघितलं नाही, विचारलं नाही. डिकीत बॅटरीशेजारचा मोठा फ्यूज फट्कन उडाला. मी तिथेच होते, मला ऐकू आलं. आता पुढून दिलेली वीज माझ्यापर्यंत पोचणार नव्हती.

"काय केलंस रे?" क्लाइव्हमामानं विचारलं.

"मला काय विचारतोस? तुझ्याच तारा!"

"तारा माझ्या, हात तुझे. थांब, ड्रिल आणतो. भोक होतं तिथेच पाडू, आत सळई घालू, ओढू. पाच मिनिटांचं काम."

कीरन डिकीवर आडवा झाला. "तिथे ड्रिल लावलंस तर तुझ्या टकलाला भोक पाडीन, मामा."

"अरे, पत्रा आहे तो लेका!"

"त्यानं घासलाय तो."

मामा मागे सरकला. मग म्हणाला, "बरं. संध्याकाळपर्यंत बघ. नाही उघडली तर ड्रिल लावताना मी विचारणार नाही. तुझी आई शुक्रवारी माझ्या व्हॅनमधून जाणार नाही, एवढं मी तुला सांगून ठेवतो. व्हॅनला मासळीचा वास येतो."

कीरननं सीटमागचा गालिचा उचकटला. आत राखाडी तारांचा झुबका. तो बघतच राहिला. "सगळ्या सारख्याच! ग्लेन, गाढवा, मी कुणाला विचारू आता?"

मग त्यानं एकेक तार थोडी सोलली आणि व्हॅनच्या बॅटरीची वीज लावून बघायला लागला. एकीनं मागचा दिवा लागला, दुसरीनं वायपर फिरले. तिसरीनं भोंगा असा वाजला की शेजारची बाई भिंतीवरून ओरडली, "घरात दुःख आहे म्हणून काही बोलत नाही, पण माझं मांजर कपाटावर चढून बसलंय!"

पुढची तार माझी होती.

वीज आली. मला ती ओळखीची होती. मी अंग हलवायला गेले, पण परतीची वाट गंजानं धरलेली. आलेल्या विजेला परत जाता आलं नाही तर मोटार फिरत नाही. मी कट्ट एवढाही आवाज केला नाही. कीरन क्षणभर थांबला, "हीपण नाही," म्हणाला आणि पुढे गेला. मी आतून ओरडत होते, हीच, हीच! पण खिट्टीचं कोण ऐकतं?

तारा संपल्या. तो गल्लीत खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. मामानं व्हॅनमधून ड्रिलची पेटी काढली. हळूच, आवाज न करता.

तेवढ्यात मॉरीन आली. हातात बशी, त्यात ओटची धिरडी, चीज घालून गुंडाळलेली. "खा राजा. सकाळपासून काही नाही पोटात." मग पेटीकडे बघून म्हणाली, "बसून बघितलंत का?"

"कुठे बसून?"

"डिकीवर. हवा दमट असली की ही अडायची. मग ग्लेन मला हाक मारायचा, 'आई, ये, तुझी बैठक लागणार आहे.' मी टेकायची, तो आत बटण दाबायचा. मी म्हणायची, एवढी वर्षं तुला वाढवलं ते या कामासाठी का?"

मामा हसला. कीरन हसला नाही. तो उठला. "बस, आई."

मॉरीन बसली. तिच्या वजनानं झाकण खाली दबलं आणि माझी जीभ खालच्या आकड्यावर घट्ट टेकली. लोखंडाला लोखंड, म्हणजे विजेला परतीची दुसरी वाट. कीरननं पहिल्यापासून एकेक तार पुन्हा धरली. दिवा. वायपर. भोंगा. "मांजर!" शेजारीण ओरडली. मग माझी तार. वीज आली, आकड्यातून परत गेली, आणि मी सगळं बळ लावून सुटले.

"टुक."

मॉरीन उठली आणि डिकी तिच्यामागे आपोआप वर आली. आत ग्लेनचे कामाचे बूट होते, भट्टीची पांढरी धूळ लागलेले. मामानं पेटी व्हॅनमध्ये ठेवली.

शुक्रवारी गाडी शववाहिकेच्या मागे चालली. नवा फ्यूज, नवी बॅटरी. मॉरीनच्या मांडीवर ते बूट होते. फक्त डिकी लावलेली नव्हती. कीरननं ती दोरीनं बांधली होती, बोटभर फट ठेवून.

ती दोरी अजून आहे. उन्हाळा गेला. कीरन गाडी धुतो, बॅटरी बघतो, पण डिकी लावत नाही. हात दाबायला नेतो आणि मागे घेतो. आता बंद झाली तर पुन्हा उघडेल कशी, ही त्याची भीती. फटीतून पाणी येतं, गालिचा कुजतोय, माझा गंज वाढतोय. आयुष्यभर उघडझाप करून थकले होते. पण असं नुसतं उघडं लोंबकळून जे थकणं आहे, ते त्याहून वाईट.

कीरन, उघडेनच असं वचन मी देत नाही. ग्लेनलाही दिलं नव्हतं. अडले तर आईला हाक मार. परतीच्या तारेचा तो एक गंजलेला स्क्रू तेवढा काढ, पॉलिश पेपरनं घास आणि परत लाव. मग दोरी सोड, तळहात ठेव आणि दाब मला.